एका मिनिटाचा लांडगा

समजा, तुम्ही पडद्यावर एक दृश्य पाहत आहात. पहाटेच्या तांबूस उजेडात एक लांडगीण माळावरून दुडक्या चालीने येते आणि नाल्याच्या काठातल्या बिळापाशी थांबते. आतून तीन पिल्ले धडपडत बाहेर येतात, तिचे तोंड चाटू लागतात, आणि ती पोटात साठवून आणलेले मांस त्यांच्यापुढे ओकते. मग ती मान वर करून थेट आपल्याकडे पाहते, आणि दृश्य बदलते. एवढ्याला एक मिनिट पुरते. हे एक मिनिट सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावर टिपायचे ठरवले, तर माहितीपट करणाऱ्या माणसाला त्यासाठी नेमके काय काय करावे लागते, हे या लेखात क्रमाने पाहू. या व्यवसायाविषयी ‘जंगलात हिंडायचे, कॅमेरा लावायचा आणि नशिबाची वाट पाहायची’ अशी एक ढोबळ कल्पना आहे. त्यातला वाट पाहण्याचा भाग तेवढा खरा आहे; परंतु ती वाट कुठे, केव्हा आणि कशी पाहायची हे ठरवण्यातच या माणसाचे बहुतेक आयुष्य जाते.

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज लागते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जाहीर झालेल्या अभयारण्याचे हे सर्वांत परिचित ठिकाण. सोलापूर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, रस्ते असे सगळेच आले होते, म्हणून पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. प्रत्यक्षात गवताळ माळाचे तुकडे शेतांच्या आणि वस्त्यांच्या अधूनमधून विखुरलेले आहेत. ज्याच्या नावाने हे अभयारण्य ओळखले जाते तो माळढोक आता येथे दिसणे फार दुर्मीळ झाले आहे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या पक्षी मात्र भेटतात. घनदाट जंगलात चित्रण करणाऱ्याला झाडाझुडपांचा आडोसा मिळतो. माळावर तसे काही नसते. तुम्हाला लांडगा दिसण्याच्या कितीतरी आधी लांडग्याने तुम्हाला पाहिलेले असते, आणि वारा त्याच्याकडे वाहत असेल तर पाहण्याचीही त्याला गरज पडत नाही.

त्यामुळे कामाची सुरुवात कॅमेऱ्याने होत नाही, माणसांपासून होते. लांडग्यांचे बीळ कोणत्या नाल्यात आहे, हे सर्वांत आधी धनगराला कळते, कारण त्याची कोकरे जातात. महिनोन्महिने वाड्यांवर जाऊन बसणे, मेंढरे कुठून कुठे हलली ते विचारणे, वनरक्षकाबरोबर पायी फिरून ठसे आणि विष्ठा पाहणे, दुर्बिणीतून लांबून नोंदी ठेवणे, हा या कामाचा पहिला टप्पा. त्यात एक दृश्यही चित्रित होत नाही आणि त्याचे पैसेही सहसा कोणी देत नाही. येथे एक नाजूक प्रश्नही उभा राहतो. ज्याचे नुकसान लांडग्याने केले आहे, त्याच्याकडेच लांडग्याचे घर विचारायचे असते. पुष्कळ धनगरांना लांडगा माळाचाच एक रहिवासी वाटतो, परंतु एका रात्रीत दोन-तीन मेंढ्या गेलेल्या माणसासमोर कॅमेरा घेऊन निसर्गप्रेमाच्या गोष्टी करणे हे नुसते चुकीचे नव्हे, तर असभ्य आहे, असे मला वाटते. चांगला माहितीपटकार अशा वेळी चहा पिऊन, वनविभागाकडे भरपाईचा अर्ज कसा करायचा एवढे सांगून परत येतो.

आता परवानगीकडे वळू. लांडगा, काळवीट आणि माळढोक हे तिन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. अभयारण्यात चित्रण करायचे असेल तर याच कायद्याच्या कलम २८ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने या कलमात छायाचित्रणाबरोबर चित्रपटनिर्मितीचा स्पष्ट उल्लेख आला आणि अधिवासात कोणताही बदल न करता, अधिवासाला व वन्यजीवांना बाधा न पोहोचवता हे काम करायचे, अशी अटही त्याला जोडली गेली. अर्जाबरोबर पटकथेचा आराखडा, माणसांची व साधनांची यादी, तारखा आणि ठिकाणे द्यावी लागतात. हिंस्र श्वापदाने पुढच्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काय करावे हे सरकारी अर्जात लिहिताना कोणालाही हसू यावे, पण ते लिहावे लागते. ड्रोन वापरायचा असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्या हवाई क्षेत्राचा दर्जा पाहावा लागतो, आणि वनविभागाची संमती वेगळी घ्यावी लागते. शेतातून जायचे असेल तर शेतकऱ्याचीही, आणि ती मात्र कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

बहुतेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे हेही तिच्यात मोडते. जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाचे किंवा धाविकाचे चांगले दृश्य मिळावे म्हणून चार काड्या बाजूला सारणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने शिकाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू शकतो.

बीळ सापडले आणि कागद हातात आले, की वेळेचा हिशोब सुरू होतो. आपल्या भागात लांडग्यांची पिल्ले साधारणपणे हिवाळ्यात जन्मतात. जन्मल्यावर तीन आठवड्यांच्या सुमारास ती बिळाबाहेर डोकावू लागतात आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की कुटुंब बीळ सोडून इतरत्र हलते. म्हणजे बिळापाशी चित्रण करता येईल असा काळ पाच-सहा आठवड्यांचा. त्यातून वारा उलट असलेले दिवस, धुके-ढगाचे दिवस आणि आई दुसऱ्या वाटेने आली ते दिवस वजा करा. उरलेल्या दिवसांतही काम होते ते सकाळी दीडेक तास आणि संध्याकाळी तासभर. याचे कारण केवळ ‘उजेड छान असतो’ एवढेच नाही. खरे कारण आहे ऊन, आणि सोलापूरकरांना त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको.

सूर्य वर आला की माळावरचा मुरूम आणि खडक तापतात, त्यांना लागून असलेली हवा तापून विरळ होते आणि वर चढू लागते, तर वरची तुलनेने थंड हवा खाली येते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळतो. हवेचे हे पट्टे सतत हलत असल्यामुळे लांबच्या प्राण्याकडून येणारा प्रत्येक किरण दर क्षणी थोडा वेगळीकडून येतो आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखे लवलवू लागते. डांबरी रस्त्यावर दिसणारे मृगजळ याच कारणाने होते, आणि दुपारी माळावरचे काळवीट खरोखरच गुडघाभर पाण्यात उभे असल्यासारखे दिसते. डोळ्यांना ही लवलव फारशी जाणवत नाही, परंतु दूरचे जवळ दाखवणारी लांब लेन्स जसा प्राणी मोठा करते तशीच ही लवलवही मोठी करते. अनेक नवशिक्यांना वाटते की लेन्स खराब आहे किंवा फोकस चुकला आहे. ते दहा लाखांहून अधिक किमतीची लेन्स भाड्याने आणतात, आणि दुपारी बारा वाजता दोनशे मीटरवरून तीही तेवढेच धूसर चित्र देते. संगणकावरही हा दोष धडपणे काढता येत नाही. उपाय दोनच: अंतर कमी करायचे, नाहीतर वेळ बदलायची. याच दोषाचे एक छोटे भावंड गाडीत राहते. वातानुकूलित गाडीतून बाहेर काढलेल्या थंड लेन्सच्या तोंडाशी गरम हवा मिसळू लागते, आणि समोरचा माळ थंड असला तरी चित्र लवलवते. म्हणून सामान अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवण्याची पद्धत आहे.

अंतर कमी करायचे म्हणजे किती, हेही मोजता येते. ६०० मिलिमीटरची लेन्स ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर लावली, तर दोनशे मीटरवर सुमारे बारा मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो. सुमारे मीटरभर लांबीचा लांडगा त्यात चौकटीच्या बाराव्या हिश्श्याएवढा दिसेल. पिल्लाच्या तोंडावरची धूळ दिसावी असे वाटत असेल तर शंभर मीटरच्या आत यावे लागेल, आणि तसे यायचे तर लपण हवे.

लपण म्हणजे माळाच्या रंगाच्या कापडाचा, माणूस कसाबसा मावेल एवढा तंबू. तो एकदम जवळ उभारत नाहीत. आधी बराच लांब उभारतात, काही दिवस रिकामा ठेवतात, लांडगे त्याला सरावले असे दिसले की थोडा पुढे सरकवतात. आत शिरायचे ते पहाटे अंधारात आणि बाहेर पडायचे तेही लांडगे निघून गेल्यावर, त्यामुळे चार-पाच तासांची बैठक नेहमीचीच. खोकता येत नाही, पाय लांब करता येत नाहीत, आणि जेवणही विचार करूनच आणावे लागते. सोलापूरची कडक भाकरी अनेक दिवस टिकते म्हणून प्रवासाला उत्तम, पण लपणात ती मोडल्याचा आवाज पन्नास पावलांवर ऐकू जातो. तेथे मऊ भाकरी आणि कोरडी शेंगाचटणीच बरी. बसण्यापूर्वी जमीन काठीने आणि विजेरीने नीट तपासावी लागते, कारण या भागात फुरसे आणि घोणस दोन्ही आहेत आणि त्यांनाही आडोसा आवडतो.

माणसाऐवजी यंत्र बसवता येणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. वाटेवर बांधलेले ट्रॅप कॅमेरे रात्रीच्या हालचाली टिपतात आणि बीळ वापरात आहे की नाही हे कळायला फार उपयोगी पडतात. त्यांतला संवेदक मात्र हालचाल पाहत नाही, तर सभोवतालच्या आणि प्राण्याच्या तापमानातला फरक पुढून सरकला की जागा होतो. जानेवारीच्या पहाटे हा फरक मोठा असतो. एप्रिल-मे मध्ये हवा चाळीस अंशांच्या पुढे गेली, म्हणजे प्राण्याच्या शरीराएवढीच तापली, की तोच कॅमेरा समोरून जाणाऱ्या लांडग्याला ओळखत नाही. अनेकांचा उन्हाळा अशा रिकाम्या कार्डांवर गेला आहे.

आता प्रत्यक्ष चित्रण. लांडगीण बिळाकडे केव्हा वळेल हे आधी कळत नाही, म्हणून कॅमेऱ्यातील प्री-रेकॉर्ड नावाची सोय वापरतात. तीत कॅमेरा मागचे काही सेकंद सतत स्मृतीत धरून ठेवतो आणि तुम्ही बटण दाबले की ते सेकंदही चित्रणाला जोडून देतो. पिल्ले आईच्या तोंडावर झेपावतात तो क्षण संथ दाखवायचा असेल, तर सेकंदाला १०० चित्रे टिपून ती सेकंदाला २५ या वेगाने दाखवतात, म्हणजे वेळ चौपट ताणला जातो. या सगळ्याचा बोजा कार्डांवर पडतो. सेकंदाला ४०० मेगाबिट या दराने चित्रण केले तर मिनिटाला ३ गिगाबाइट आणि तासाला १८० गिगाबाइट भरतात. संध्याकाळी गावात परतल्यावर जेवणाआधी हे सगळे दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचे, तिसरी प्रत दुसऱ्या गावी पोहोचवायची सोय करायची, आणि प्रत्येक शॉटची तारीख, वेळ, ठिकाण आणि त्यात काय घडले हे लिहून ठेवायचे. वीज गेली तर हे काम रात्री एकपर्यंत लांबते आणि पहाटे चारला पुन्हा निघायचे असते. कॅमेऱ्यामागे डोळा लावलेल्या माणसाचे चित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे. नोंदवहीवर डुलक्या घेणाऱ्या माणसाचे चित्र कोणी काढत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज आवाजाविषयी आहे. पडद्यावर लांडगीण चालते तेव्हा गवताची सळसळ ऐकू येते, पिल्लांचे कुंईकुंई ऐकू येते, आणि आपल्याला वाटते की हे सगळे चित्राबरोबरच आले. लेन्स दोनशे मीटरवरचे जवळ आणते, मायक्रोफोन आणत नाही. कॅमेऱ्यावरच्या मायक्रोफोनला ऐकू येतो तो वारा, लांबच्या रस्त्यावरचा ट्रक, ट्रॅक्टर, आणि ऊसतोडीच्या दिवसांत तर रात्रभर चालणारी वाहतूक. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो, त्यामुळे दोनशे मीटरवरचा आवाज चित्रापेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा पोहोचतो. म्हणून आवाज वेगळा गोळा करतात. बिळापासून योग्य अंतरावर, लांडगे नसताना, छोटे ध्वनिमुद्रक ठेवून येतात. पहाटेच्या माळाचा नुसता ‘शांत’ आवाजही दहा-दहा मिनिटे मुद्रित करतात, कारण नान्नजच्या माळाची शांतता आणि स्टुडिओतली शांतता एकसारखी नसते. जे मिळतच नाही, म्हणजे पावलांचा, मांस ओढण्याचा आवाज, ते पुढे स्टुडिओत वाळके गवत आणि ओले कापड वापरून तयार करतात. ही फसवणूक आहे का? माझ्या मते नाही, जोवर तयार केलेला आवाज त्या प्राण्याने केला असता तसाच आहे तोवर. लांडग्याच्या तोंडी कुत्र्याचे गुरगुरणे घातले, की ती सीमा ओलांडली जाते, आणि असे करणारे पुष्कळ आहेत.

हाच प्रश्न संकलनाच्या टेबलावर अधिक तीव्रपणे उभा राहतो. आपले एक मिनिट एका सकाळचे नसते. लांडगीण माळावरून येते तो शॉट ११ तारखेचा, बिळापाशी वास घेते तो १९ तारखेचा, पिल्लांचे जवळून दिसणारे चेहरे त्यानंतरच्या आठवड्यातले. गवताचा रंग, सावल्यांची लांबी, आईच्या कानावरची जखम हे सगळे जुळवून संकलक त्यांचे एक दृश्य करतो. वीस-पंचवीस तासांच्या चित्रणातून एक मिनिट निघणे यात नवल काही नाही. वेगवेगळ्या सकाळी जे खरोखर घडले ते एका सकाळीत मांडणे बहुतेक जण मान्य करतात. परंतु पाळीव किंवा बंदिस्त प्राण्याचे चित्रण रानातले म्हणून दाखवणे, भक्ष्य बांधून शिकार ‘घडवणे’, किंवा काळविटांच्या कळपामागे जीप घालून त्यांना पळायला लावणे हे संकलनातले स्वातंत्र्य नव्हे. ते खोटे आहे, आणि शेवटच्या दोन प्रकारांत गुन्हाही ठरू शकतो. निवेदनाचीही एक मेख आहे. ‘आईच्या डोळ्यांत चिंता दाटली आहे’ असे वाक्य लिहिणे फार सोपे असते. लांडगिणीच्या डोळ्यांत काय दाटले आहे हे लेखकाला ठाऊक नसते. ती तीन वेळा वारा हुंगून मग बिळाकडे वळली, हे मात्र त्याने पाहिलेले असते.

पैशांविषयी थोडक्यात. वाहिनीने काम सोपवले, वनविभागाने किंवा एखाद्या संस्थेने माहितीपट करून घेतला, शिष्यवृत्ती मिळाली किंवा जुने चित्रण विकले गेले, तर पैसे येतात. ते येण्यापूर्वीच लेन्सचे भाडे, डिझेल आणि डिस्क यांवर खर्च झालेला असतो. म्हणून या क्षेत्रातले पुष्कळ जण एप्रिल-मे मध्ये लग्ने चित्रित करतात. माळावर चित्रणास अगदी नालायक असलेले हे दोन महिने लग्नसराईत पडावेत, ही एक सोयच म्हणायची. अशा कामाचा परिणाम काय होतो याचे आपल्या देशातले एक स्पष्ट उदाहरण आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या व्हेल शार्कच्या कत्तलीवर माइक पांडे यांनी केलेला माहितीपट २००० साली आला आणि २००१ मध्ये त्या माशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. माळाच्या बाबतीत असे झटपट काही घडत नाही. सरकारी कागदांत गवताळ माळाची गणना बहुधा ‘पडीक’ जमिनीतच होते, आणि झाडे लावली म्हणजे पर्यावरणाचे भले झाले अशी समजूत असल्याने माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. मोकळा माळच ज्यांना हवा त्या काळविटाला, धाविकाला आणि माळढोकाला त्यातून अडचणच झाली. हे दोन वाक्यांत सांगता येते, पण पडद्यावर पटवायचे तर त्या माळावर कोणी तरी राहते हे दाखवावे लागते, आणि आपले एक मिनिट त्यासाठी आहे.

आता शेवटचा शॉट, ज्यात लांडगीण मान वर करून थेट आपल्याकडे पाहते. प्रेक्षकांना हा क्षण फार आवडतो आणि वाहिनीचा निर्माता तो हमखास मागून घेतो. लपणात बसलेल्या माणसासाठी मात्र त्याचा अर्थ निराळा असतो. तिने काही तरी ऐकले आहे, कदाचित लेन्सची सूक्ष्म घरघर, कदाचित पिशवीची चेन. किंवा वारा फिरला आहे. लांडगिणीला बिळापाशी माणूस असल्याचा संशय आला, तर ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते. नवी जागा अपुरी असेल, वाटेत कुत्री आडवी आली, तर पिल्ले दगावू शकतात. म्हणून जाणता माहितीपटकार त्या क्षणानंतर कॅमेरा बंद करतो, ती निघून जाईपर्यंत बोटही हलवत नाही, आणि पुढचे तीन-चार दिवस त्या नाल्याकडे फिरकत नाही. पाच-सहा आठवड्यांतले चार दिवस म्हणजे थोडे नव्हेत. त्या दिवसांत तो गावात बसून नोंदी पुऱ्या करतो, डिस्क तपासतो, आणि संध्याकाळी पलीकडच्या वाड्यावरच्या धनगराला फोन करून विचारतो की पहाटे नाल्यात पिल्लांचा आवाज आला का.